जुन्या आरशाची कालनिश्चिती

वारशाने आलेला आरसा कोणत्या काळात व कोणत्या पद्धतीने घडला, हे त्याची काच, काचेमागील धातूचा लेप, चौकट आणि पाठफळी यांच्या निरीक्षणावरून ठरविता येते. महाराष्ट्रातील जुने वाडे, लोणावळा-खंडाळ्याचे बंगले आणि मावळातील वडिवळ्यासारख्या गावांतील जुनी घरे यांतून असे आरसे भिंतीवर, कपाटाच्या दारात किंवा फणेरपेटीच्या झाकणात आढळू शकतात. पुष्कळदा त्यांची ओळख ‘पेशवाईतला बेल्जियम आरसा’ अशी सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पेशवाई १८१८ साली संपली, तर बेल्जियम हे स्वतंत्र राष्ट्र १८३० साली अस्तित्वात आले. त्या प्रदेशात काचकाम त्यापूर्वीही होत असे हे खरे. परंतु मराठीत ‘बेल्जियम’ हा शब्द पुढे जाड, पैलूदार कडेच्या कोणत्याही उत्तम काचेला लावला जाऊ लागला. त्यामुळे या नावावरून आरशाचा देशही ठरत नाही आणि कालही ठरत नाही.

नावे

‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ यावरून आला आहे, तर ‘ऐना’ आणि ‘बिलोरी’ हे फारसीतून आले. काचेच्या आरशापूर्वी घासून चकचकीत केलेल्या धातूचे आरसे वापरात होते. लेप खराब झाला की आजही ‘आरशाचा पारा उडाला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात आजच्या आरशात पारा नसतो; जुन्या तंत्राची आठवण भाषेने तेवढी जपली आहे.

काचेमागील लेप

कालनिश्चितीचा सर्वांत भरवशाचा पुरावा हा लेपच होय. सोळाव्या शतकापासून व्हेनिसजवळील मुरानो येथील आणि पुढे युरोपातील इतर कारागीर कथलाचा पातळ पत्रा सपाट मेजावर पसरून त्यावर पारा ओतीत आणि त्यावरून काच सरकवीत. वर वजने ठेवून जादा पारा काढून टाकीत आणि मेज थोडे कलते ठेवून उरलेला निथळू देत. या कामास अनेक दिवस, कधी आठवडे लागत. काचेस चिकटून राही तो पारा व कथील यांचा मेल, म्हणजे पारदमेल. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी काचेवर रासायनिक क्रियेने चांदी बसविण्याची पद्धत शोधली. ती कारखान्यांत रुळण्यास काही दशके गेली आणि १९०० च्या सुमारास पारदमेलाचे आरसे जवळजवळ बंद झाले.

आरशासमोर पांढरे स्वच्छ कापड धरल्यास पारदमेलात त्याचे प्रतिबिंब किंचित निळसर-करडे व मंद दिसते. चांदीत ते अधिक उजळ, काहीसे उबदार दिसते. पारदमेलाची पाठ सहसा रंगविलेली नसते. ती कथलाच्या पत्र्यासारखी निस्तेज चमकते. चांदीच्या लेपावर मात्र संरक्षणासाठी तांबूस, तपकिरी किंवा करडा रंग दिलेला असतो. खराब होण्याची तऱ्हाही निराळी असते. चांदी काळवंडते आणि तिचे डाग ओल शिरेल तेथून पसरतात. पारदमेलात बारीक स्फटिकांसारखे चमचमते ठिपके दिसतात, पारा हळूहळू खाली उतरत असल्याने खालची कड आधी बिघडते आणि क्वचित चौकटीच्या तळाशी पाऱ्याचे थेंबही सापडतात.

म्हणून खऱ्याखुऱ्या पेशवेकालीन आरशाचा मूळ लेप पारदमेलाचाच असला पाहिजे. चांदीचा लेप असेल, तर आरसा पुढच्या काळातला किंवा जुन्या काचेवर नव्याने लेप चढविलेला समजावा. डाग किती आहेत यावरून वय काढणे मात्र चुकीचे ठरते. मावळातील मुसळधार पावसात आणि दमट भिंतीवर टांगलेला पन्नास वर्षांचा आरसा दीडशे वर्षांच्या आरशाहून अधिक म्हातारा दिसू शकतो.

काच

काचेवर पेन्सिलीचे टोक टेकविले असता टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांत फट दिसते. वक्रीभवनामुळे ही फट समोरून पाहता काचेच्या जाडीहून सुमारे एक-तृतीयांशाने अधिक असते. एकाच ठिकाणच्या मापाला फारसा अर्थ नाही. चारही कोपरे आणि मध्यभाग यांची तुलना करावी. हाती घडविलेल्या काचेत जाडी कमीजास्त असते, बुडबुडे असतात आणि डोके हलविले की प्रतिबिंब डहुळते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या यंत्राने ओढलेल्या काचेत समांतर लाटा दिसतात. अगदी सपाट, निर्दोष काच बहुधा १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केलेल्या तरंगकाच पद्धतीनंतरची असते. हाताने घासलेला पैलू रुंद व उथळ असतो आणि बोटाला जेमतेम जाणवतो. यंत्राचा पैलू धारदार व एकसारखा असतो.

चौकट व पाठ

चौकट बदलली जाते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पाठफळीवर हातरंध्याचे ओरखडे आहेत की गोल करवतीच्या कमानी, हे तिरप्या उजेडात पाहावे. लोहाराने घडविलेला खिळा चौकोनी व ओबडधोबड डोक्याचा असतो; तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र झाले. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू साधारण १८५० नंतरचे, तर प्लायवूडची पाठ विसाव्या शतकातली. सागवानी चौकट असल्यास विलायती काच येथील सुताराने बसविली असण्याचा संभव अधिक.

मावळातील संदर्भ

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली, पण घाटातील लोहमार्ग १८६३ पर्यंत पूर्ण झाला नव्हता. तोवर माल घाटात उतरवून पुन्हा चढवावा लागे. मोठ्या आरशासाठी हे किती जिकिरीचे होते, हे उघड आहे. मावळातच तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्यामुळे जुनी काच दिसली की ‘तळेगावची’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु या कारखान्याची ख्याती चिमण्या, बाटल्या अशा फुंकीव मालासाठी होती, आरशाच्या सपाट तावदानांसाठी नव्हे.

जतन व कायदा

नव्याने लेप चढविण्यासाठी जुना लेप खरवडला की कालनिश्चितीचा मुख्य पुरावा कायमचा नष्ट होतो. पारदमेलाचा आरसा उन्हात ठेवू नये, तापवू नये, त्याची पाठ घासू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते. तळाशी थेंब दिसल्यास ते झाडूने लोटू नयेत, व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नयेत आणि मुलांना दूर ठेवावे. आरसा उभाच ठेवावा व उभाच न्यावा.

पुराणवस्तू व मौल्यवान कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय अधिनियमानुसार गतकालीन कला किंवा कारागिरी दर्शविणारी, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुराणवस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. वाटणीत आरसा परदेशस्थ भावंडाच्या वाट्याला आला, तर त्याचे वय हा केवळ कौतुकाचा विषय राहत नाही. वस्तू पुराणवस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग तज्ज्ञांच्या तपासणीनंतर देतो.