मुंबईची बिनपैशाची सहल

साक्रीसारख्या गांवीं सहल हा शब्द फारसा लागत नाहीं. पांझरेला मिळणारी कान नदी गांवाजवळून वाहते, आणि आखाजीच्या दिवसांत माहेरीं आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोका बांधतात. झाड कोणाचें आणि झोक्याचें भाडें काय, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. मोकळें आकाश, पाण्याचा कांठ आणि आपल्या माणसांचा मेळा या गोष्टी तेथें घरच्याच असतात. मुंबईंत मात्र या तिन्ही गोष्टी घराबाहेर जाऊन शोधाव्या लागतात, आणि त्या शोधाला मुंबईकर ‘फिरायला जाणें’ म्हणतो. जेथें वीतभर जागेलाहि मोल पडतें, त्या शहरांत मोल न देतां बसण्याउठण्याच्या जागा कशा निर्माण झाल्या, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. त्यांतल्या फार थोड्या जागा गरिबाच्या सुखासाठीं म्हणून मुद्दाम निर्माण झालेल्या आहेत.

धुळें-चाळीसगांव हा लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. तेव्हांपासून साक्रीच्या माणसानें धुळें गांठलें कीं पुढें मुंबईपर्यंत आगगाडीची सोय झाली. असा पाहुणा गिरगांवांत किंवा गिरणगांवांत नातेवाइकाच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत उतरे. त्याला मुंबई दाखविणें हें यजमानाचें कर्तव्य. आणि पाहुणा बहुधा महिन्याच्या अखेरीस येणार हा जणूं नियमच! मग यजमानीण पहांटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यांत बांधी, मुलांना धुतलेले सदरे मिळत, आणि मंडळी पायीं निघत. ज्यांचें बालपण चाळींत गेलें त्यांना हा मार्ग सांगावयास नको. राणीचा बाग, मलबार टेकडी, चौपाटी, अपोलो बंदर. या यादींत नाटकगृह नाहीं, उपाहारगृह नाहीं. खिशाला न परवडणारें सारें तींतून आधींच गळालेलें आहे.

पण जागेच्या आधीं दिवस हवा. एकोणिसाव्या शतकांतील गिरणीकामगाराला ठरलेली साप्ताहिक सुटीच नव्हती. यंत्रें साफ करण्यासाठीं गिरणी थांबे तेव्हां, नाहींतर सणावारीं, काय मिळेल ती विश्रांति. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी मांडली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनींहि भाषणें केलीं, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हे. त्याच वर्षीं १० जूनला गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढच्या वर्षींच्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीस आधार मिळाला. मुंबईंतील कामकरी कुटुंबाच्या सहलीचा इतिहास लिहावयाचा तर त्याचें पहिलें पान या तारखेचें असावें. त्यापूर्वीं बागा होत्या आणि समुद्रहि होता. बापाला मात्र मुलाचा हात धरून तेथवर जाण्याला दिवस नव्हता.

राणीचा बाग त्याच्याहि आधींचा. पश्चिम हिंदुस्थानांतील शेती आणि बागाईत यांना उत्तेजन देण्यासाठीं एक संस्था होती; तिची बाग पूर्वीं शिवडीस असे. शिवडीची ती जागा पुढें दफनभूमीकडे गेली, आणि भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्तें उघडली गेली. झाडें लावून त्यांची परीक्षा पाहावी हा मूळचा हेतु. संस्था १८७३ च्या सुमारास बुडाली आणि बाग नगरपालिकेच्या गळ्यांत पडली. वाघसिंहांचे पिंजरे नंतर आले. पण लोकांच्या मनांत त्यांनीं झाडांना मागें टाकलें, तें कायमचेंच. वास्तविक तेथील गोरखचिंच एकवार निरखून पाहिली तर तिचें खोड एखाद्या हत्तीला लाजवील असें आहे.

हत्तीचा विषय निघाला तर बागेच्या दाराजवळचा दगडी हत्ती विसरून कसें चालेल? हा मूळचा घारापुरीचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यंत्राची दोरी तुटली, हत्ती खालीं आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईंतच राहिले आणि १९१४ सालीं जुळवून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. यंत्र भक्कम असतें तर हा प्राणी आज लंडनच्या एखाद्या संग्रहालयांत असता, आणि त्याच्याकडे बोट दाखवून आईबापांना प्रश्न विचारण्याचें मुंबईच्या पोरांचें सुख गेलें असतें. शेजारचें अजायबघर २ मे १८७२ रोजीं लोकांस खुलें झालें. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, आणि २००८ सालीं जीर्णोद्धारानंतर तें पुन्हां उघडलें. बागेलाहि आतां वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे. परंतु ट्राममध्यें, बसमध्यें आणि घरांत ती राणीची बागच राहिली.

या बागेच्या दारावरच बिनपैशाच्या सहलीचा खरा प्रश्न उभा राहिला. कित्येक वर्षें प्रौढास पांच रुपये आणि मुलास दोन रुपये असा तेथील दर होता. आईबाप आणि दोन मुलें मिळून चौदा रुपयांत आंत जात. २०१७ सालीं परदेशांतून आणलेले पेंग्विन पक्षी लोकांना दाखविण्यास सुरुवात झाली, आणि त्याच वर्षीं दर प्रौढास पन्नास व मुलास पंचवीस रुपये झाला. आईबाप व दोन मुलें अशा कुटुंबास एकत्रित शंभर रुपये. विरोध झाला, वादहि झाले. पालिकेच्या बाजूनें सांगावयाचें तर थंड प्रदेशांतला पक्षी मुंबईच्या उन्हाळ्यांत जगवावयाचा म्हणजे खर्च आहेच, आणि शंभर रुपये ही रक्कम नाटकाच्या एका तिकिटापेक्षां मोठी नव्हे. तरीहि हिशोब निराळ्या तऱ्हेनें मांडला पाहिजे. मुंबईचें कुटुंब चौघांचें क्वचितच असतें. आजी असते, साक्रीचा पाहुणा असतो, त्याचा मुलगा असतो. पूर्वीं माणूस वाढला तर पांच रुपये वाढत, आणि ‘तुम्हीहि चला कीं’ हें वाक्य सहज तोंडून निघे. पन्नास म्हटल्यावर तें वाक्य जरा अडखळतें. फुकट किंवा जवळजवळ फुकट जागेचा गुण हाच कीं तेथें माणसें मोजावीं लागत नाहींत.

मलबार टेकडीवरची ‘हँगिंग गार्डन’ ही बाग कशालाहि टांगलेली नाहीं. १८८० च्या सुमारास शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तेथील साठा झांकावयाचा होता. झांकणावर माती टाकली, हिरवळ लावली आणि बाग झाली. गिरगांवच्या चाळींतील माणूस सकाळीं नळाला येणारें पाणी भरी आणि संध्याकाळीं त्याच पाण्याच्या छपरावर मुलांना खेळावयास सोडी, असा हा योग आहे. समोरचा कमला नेहरू पार्क १९५२ चा. तेथील म्हातारीच्या बुटांत जो चढला नाहीं त्याचें मुंबईंतलें बालपण अपुरें समजावें. या दोन्ही बागा आजहि तिकिटावांचून उघड्या आहेत.

वाहन परवडत असे तें ट्रामचें. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ पासून धांवूं लागली, विजेची ७ मे १९०७ पासून, आणि १९२० सालीं दुमजली ट्राम आली. दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली कीं प्रवास हीच सहल होई. दुकानांच्या पाट्या, मिरवणुका, दुसऱ्यांच्या गॅलऱ्यांतले संसार असें सारें शहर मुलांच्या नजरेच्या उंचीवरून सरकत जाई. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हां तिला पाहावयास रस्त्याच्या दोन्ही बाजूंस गर्दी लोटली होती. एखाद्या वाहनाला निरोप देण्यासाठीं माणसें उगाच जमत नाहींत.

जत्रा आणि गणपति यांविषयीं थोडक्यांतच सांगितलें तरी पुरे. पौषांत प्रभादेवी, डिसेंबरांत माहीमच्या मख्दूम शहा बाबांचा उरूस, सप्टेंबरांत वांद्र्याची मोतमाउली, नवरात्रांत महालक्ष्मी. देव कोणाचा हें मुलांनीं कधीं विचारलें नाहीं. पाळणे आहेत काय, एवढेंच विचारलें. १८९३ सालीं केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणपति बसला, आणि तेव्हांपासून भाद्रपदांत रात्रीं उशिरापर्यंत गल्लोगल्लीं हिंडण्याचा परवाना बायकामुलांना मिळाला. एरवीं दिवेलागणीनंतर उंबरठा न ओलांडणारी सूनहि त्या दहा दिवसांत लालबागपासून गिरगांवपर्यंत आरास पाहत पायीं जाई.

दादरच्या शिवाजी पार्कचें मूळ मात्र भयांत आहे. १८९६ च्या प्लेगनें मुंबई हादरली, कोंदट वस्त्यांना वारा मिळाला पाहिजे हें सरकारला पटलें, आणि १८९८ सालीं सुधारणा-मंडळ, म्हणजे ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झालें. त्यानें उत्तरेकडे दादर-माटुंग्यास नवी वस्ति आंखतांना मैदानासाठीं जागा सोडली. १९२५ सालीं तें माहीम पार्क या नांवानें खुलें झालें, आणि १९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें त्याला शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. भोंवतालच्या कट्ट्यावर बसण्यास कोणी पैसे मागत नाहीं आणि किती वेळ बसलांत हेंहि विचारीत नाहीं. घरांत दोन वाक्यें बोलण्यास जागा नसलेल्या किती नवविवाहितांचा संसार या कट्ट्यावर सुरू झाला असेल, याची नोंद कोणत्याहि मंडळाच्या दप्तरीं नाहीं.

मुंबईच्या या फुकट सुखांत सर्वांत थोर सुख मरीन ड्राइव्हचें, आणि त्याची जन्मकथा सर्वांत विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत घरांचा दुष्काळ पडला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनें १९२० सालीं ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलें आणि त्याला दोन मोठीं कामें दिलीं: कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, आणि बॅकबेच्या समुद्रांत भराव घालून हजार एकरांहून अधिक जमीन मिळवावयाची. दोन्ही संकल्प अर्ध्यावर आले. चाळी झाल्या २०७: वरळीस १२१, नायगांवीं ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक चाळींत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत चूल, मोरी, आजीचें अंथरूण, पोरांचा अभ्यास आणि गांवाहून आलेला पाहुणा! बॅकबेचा भराव तर लोकांच्या थट्टेचा विषय झाला. खर्च अंदाजाबाहेर गेला, जमीन अर्ध्याहूनहि कमी हातीं आली. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं या कारभाराचीं लक्तरें वेशीवर टांगलीं. एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर बदनामीची फिर्याद केली आणि तींतून नरिमन निर्दोष सुटले.

त्या फसलेल्या भरावाच्या कडेनें समुद्राला अडविणारी भिंत मात्र उभी राहिली. १९४० च्या सुमारास तिच्यालगतचा रस्ता पुरा झाला. समोर श्रीमंतांच्या इमारती उठल्या, आणि त्यांच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या समुद्राची किंमत भाड्यांत धरली गेली. भिंतीवर बसणाऱ्याला तोच समुद्र, किंबहुना अधिक जवळून, फुकट मिळाला. ज्या खात्यानें १६० चौरस फुटांच्या खोल्या दिल्या त्याच खात्यानें, मनांत नसतांना, त्या खोल्यांतील माणसांना दोन मैलांच्या आंतबाहेरचें हें बांकडें दिलें. रविवारीं संध्याकाळीं डिलाइल रोडचीं कुटुंबें तेथें रांगेनें बसत. बाप चण्यांची पुडी सोडी, आई पाय हलके करी, आणि पावसाळ्यांत एखादी लाट भिंतीवरून उडून साऱ्यांना सारखीच भिजवी. खानदेशचा पाहुणा, ज्यानें आजवर पाण्याचा पलीकडचा कांठ नेहमींच पाहिलेला, तो कांठ न दिसणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ कांहीं न बोलतां पाहत राही. उठतांना त्याचा हात संवयीनें खिशाकडे जाई. येथें काय द्यावें लागतें, असें तो हळूच विचारी.

ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या जुन्या चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याच आठवड्यांत, वरळीकडे जाणाऱ्या नव्या सागरी रस्त्याच्या कडेचा पांच किलोमीटरांहून लांब पदपथ लोकांना चालण्यासाठीं मोकळा झाला. तेथेंहि दारावर तिकीट नाहीं.