खेळाडूचे संगणकातील जुळे



"खेळ पुरे, गणित घेऊन बस!" हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्या घरी ऐकू येत नाही? खेळ आणि गणित यांचे जणू हाडवैर आहे, असेच आपण मानत आलो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

१८७८ साली अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले. १८८२ मध्ये फ्रान्सच्या मारे यांनी सेकंदाला १२ चित्रे टिपणारा बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. डोळ्यांना न दिसणारी हालचाल आता मोजता येऊ लागली.

पुढचा धडा अवकाशातून मिळाला. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला. तेव्हा जमिनीवरील सराव-यानात उपाय आधी पडताळून मगच अंतराळवीरांना कळविण्यात आले. तिघेही सुखरूप परतले. पुढे अशी प्रतिकृती संगणकातच उभी राहू लागली आणि २०१० च्या सुमारास 'नासा'च्या आराखड्यात तिला 'डिजिटल ट्विन' म्हणजे 'संगणकातील जुळे' हे नाव मिळाले.

हे जुळे जलतरणात आणणारे केन ओनो हे आपल्या रामानुजन यांच्या गणितावर संशोधन करणारे गणितज्ञ. व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी जलतरणपटूंच्या अंगावर लहान संवेदक बसविले. हाताच्या प्रत्येक फटक्याची गती, पाण्याचा अडथळा, डोक्याचा कल यांची गणिते मांडून संगणकात पोहणाऱ्याचे जुळे तयार केले. डोके जरा खाली घेतले तर किती वेळ वाचेल, हे पाण्यात उतरण्याआधीच जुळे सांगू लागले.

त्यांतील केट डग्लस हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकले. विशेष म्हणजे ती संख्याशास्त्राची विद्यार्थिनी होती, आणि या संशोधनावरील लेखाची सहलेखिकाही आहे! आपल्याच शरीराचे गणित तिने स्वतः वाचले.

परंतु ध्यानात ठेवा, जुळे चूक दाखविते, पोहत नाही. पहाटेचा सराव डग्लसलाच करावा लागला.

म्हणून पालकहो, आपल्या मुलामुलींना मैदान की पुस्तक, असा पेच घालू नका. आणि विद्यार्थ्यांनो, उद्या मैदानावरून परतल्यावर आपली धाव घड्याळ लावून वहीत मांडून पाहा. तुमच्या जुळ्याची पहिली ओळ तिथेच लिहिली जाईल.