झीलकरी, लूप आणि शब्दांची फेक

आज आपण ज्या गावात बसलो आहोत त्याच्या नावातच एक वाजवणारा माणूस आहे. शेजारच्या पिंपळ्याच्या वाट्याला सौदागर आला, इथल्या पिंपळ्याच्या वाट्याला गुरव. गावगाड्यात गुरवाकडे देवळाची सेवा असायची आणि त्या सेवेत वाद्य वाजवणंही यायचं. पखवाज म्हणा, सनई म्हणा, महाराष्ट्रातल्या कितीतरी गुरव घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. देवाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. वाजवणाऱ्याचं नाव मात्र गावातल्या चार म्हाताऱ्यांपलीकडे कुणाला सांगता येत नाही. आजच्या व्याख्यानात ह्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा पुन्हा येणार आहोत.

विषय जाहीर झाला, हिपहॉप आणि जिवंत वाद्यवृंद, तेव्हा आम्हाला दोन तक्रारी ऐकायला मिळाल्या. पहिली, तोच तो ठेका तासभर वाजतो, ह्याला संगीत म्हणायचं का? दुसरी, हे गातात कुठे, हे तर बोलतात! खरं सांगायचं तर वीस वर्षांपूर्वी ह्या दोन्ही तक्रारी आम्हीच केल्या होत्या, आणि चांगल्या मोठ्या आवाजात. (हशा) तेव्हा आज थोडं प्रायश्चित्तही आहे.

पहिली तक्रार घेऊ. तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकलाय ना? बाजूला हार्मोनियम किंवा सारंगीवाला बसतो आणि एकच लेहरा धरतो. सोळा मात्रांची एक ओळ, ती पाऊण तास, एक तास. बदलत नाही, बदलायची नाहीच. ती ओळ घट्ट उभी असते म्हणूनच तबलजीला तिच्यावर कायदे, रेले, तिहाया रचता येतात. आपण त्याला कंटाळवाणं म्हणत नाही, कारण आपलं लक्ष लेहऱ्यावर नसतं, लेहऱ्यात आणि तबल्यात जे चाललंय त्याच्यावर असतं. पोवाड्यातलं तुणतुणंही तसंच. एक तार, पोकळ लाकडी नळकांडं, खाली चामडं. ते स्वर धरतं आणि लयही धरतं. शाहीर दहा मिनिटं लढाई सांगतो आणि तुणतुणं मागे आपलं तेच बोलत राहतं. ते थांबलं की शाहिराच्या पायाखालची जमीनच जाते.

आता न्यूयॉर्कला जाऊ. ११ ऑगस्ट १९७३. ब्रॉन्क्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक घरगुती पार्टी होती. तबकड्या लावणारा मुलगा जमैकातून आलेला, क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला जग कूल हर्क म्हणतं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. गाण्यात मधेच गाणारे थांबतात, बाकीची वाद्यं थांबतात, आणि काही सेकंद फक्त ड्रम राहतो. नाचणारी पोरं त्याच जागेची वाट बघत असतात. तमाशात ढोलकीवाला एकटा सुटतो तेव्हा फेटे कुठे उडतात ते आठवा! हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या. एकीवरचा तुकडा संपायच्या आत दुसरीवर तोच तुकडा सुरू, तोवर पहिली मागे फिरवलेली. दहा सेकंदांची ढोलकी दहा मिनिटांची झाली. लूप म्हणतात तो हाच. मायक्रोफोनवरून तालात बोलायची सवयही जमैकातल्या साउंड सिस्टिमच्या रिवाजाला जवळची.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. असं काही ऐकलं की आपल्याला लगेच म्हणावंसं वाटतं, हे तर आमच्याकडे तीनशे वर्षं आधीच होतं. ब्रॉन्क्सच्या पोरांनी पोवाडा ऐकला नव्हता आणि आपल्या शाहिरांनी जमैका बघितली नव्हती. दोन्हीकडे माणसांना रस्त्यावर, थोड्या वाद्यांत, मोठ्या जमावापुढे लांबलचक काही सांगायचं होतं. गरज सारखी, म्हणून उत्तरं जवळजवळची. त्यापलीकडे नातं जोडण्यात अर्थ नाही.

पण त्या तबकडीतला ड्रम वाजवला कोणी? खरी गोष्ट इथे सुरू होते.

क्लाइड स्टबलफिल्ड, चॅटानूगा गावचा, जन्म १९४३. लहानपणी त्याच्या कानावर कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे ठोके पडायचे, त्यातून त्याची लय घडली. कासारवाडी, भोसरी, चाकण ह्या पट्ट्यात प्रेसशॉपच्या आवाजात ज्यांची पाळी गेली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे तो जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवू लागला. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘फंकी ड्रमर’ हे गाणं मुद्रित झालं. त्यात एका ठिकाणी स्टबलफिल्ड एकटा आठ आवर्तनं वाजवतो. अंदाजे वीस सेकंद. ते वीस सेकंद पुढे हजाराहून जास्त गाण्यांत वापरले गेले. पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या ‘फाइट द पॉवर’मध्येही ते आहेत. गाण्याचे हक्क जेम्स ब्राउनच्या नावावर होते. ड्रमवाल्याला गीतकार म्हणून काही मिळायचं कारण नव्हतं आणि मिळालंही नाही. २०१७ मध्ये तो गेला. जगातल्या कुठल्याही शहरात त्याचा हात ओळखू येतो, नाव विचारलं तर किती जण सांगतील?

म्हणजे बघा, हिपहॉपचा पाया वाजवणाऱ्या माणसाच्या हातावर उभा आहे, पण तो माणूस खोलीत नाही. त्याचा हात कापून तबकडीवर ठेवलाय. त्यात चूक कुणाची हे ठरवणं सोपं नाही. ब्रॉन्क्समधल्या पोरांकडे ड्रमसेट घ्यायला पैसे कुठे होते? त्यांच्याकडे तबकड्या होत्या.

वाद्यवृंद परत आला तो दोन वाटांनी. पहिली वाट कोर्टातून. १९९१ मध्ये बिझ मार्की ह्या रॅपरविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला की परवानगीवाचून दुसऱ्याच्या मुद्रणाचा तुकडा वापरता येणार नाही. तुकडे महाग झाले. आणि वाजवून घेणं काही नवीन नव्हतंच. १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’, ज्याने रॅप घरोघर नेलं, त्याचा ठेका शिक ह्या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’चा, पण तो स्टुडिओत वादकांना बसवून पुन्हा वाजवून घेतलेला आहे.

दुसरी वाट फिलाडेल्फियातून. १९८७ च्या आसपास तिथल्या कलाशाळेतली दोन मुलं, अहमीर थॉम्प्सन आणि तारिक ट्रॉटर, साउथ स्ट्रीटवर उभी राहून वाजवू लागली. एक प्लास्टिकच्या बादल्या बडवतो, दुसरा तोंडाने सुटतो. त्यातून ‘द रूट्स’ झाला. ‘डू यू वॉन्ट मोर’ हा त्यांचा १९९५ चा आल्बम मिळवून ऐकाच. ड्रमर माणूसच आहे, पण वाजवतो लूपसारखं, न हलता, न मिरवता. मिरवायचा मोह प्रत्येक वादकाला असतो. इथे कसब आहे ते त्याच जागी, त्याच वजनाने, दोनशेव्या वेळीही तोच घाव घालण्यात. लेहरा धरणाऱ्या सारंगियाला हे माहीत असतं.

आणि ह्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट पुढेच आहे. डेट्रॉइट, मोटारींचं गाव, आपल्यासारखंच. तिथे जेम्स यॅन्सी नावाचा एक तरुण, जे डिला, यंत्रावर ठेके बसवायचा. त्या यंत्रात एक सोय असते. ठोका थोडा मागेपुढे पडला तर यंत्र तो सरळ रेषेत आणून ठेवतं. हा पठ्ठ्या ती सोय बाजूला ठेवायचा. त्यामुळे त्याचे ठोके किंचित लंगडे, किंचित उशिरा, दमून घरी निघालेल्या माणसाच्या चालीसारखे. ते ऐकून अहमीर थॉम्प्सनने डिअँजेलोच्या २००० साली आलेल्या ‘वूडू’ आल्बमसाठी तसंच लंगडं वाजवायचा प्रयत्न केला. म्हणजे माणसाने यंत्राला चुकायला शिकवलं आणि यंत्राकडून दुसऱ्या माणसाने चुकायचं कसं ते घेतलं. आपल्या ढोलकीवाल्यांकडे, तबलजींकडे ही लचक असतेच. बोटभर मागे राहून समेवर अचूक येणं. लिहून दाखवता येत नाही, पण चुकलं की कळतं.

आता दुसरी तक्रार. हे बोलतात, गात नाहीत. ह्यालाच ते फ्लो म्हणतात. आमच्या मते मराठीत त्याला जुना शब्द आहे, फेक. शाहिराची फेक, कीर्तनकाराची फेक. ती कुठे बघायची? औरंगाबादचे अमृतराय, १६९८ ते १७५३, त्यांचे कटाव घ्या. कटावात अनुप्रास आणि आतली यमकं एकामागे एक कोसळत येतात, कीर्तनात ते द्रुत लयीत म्हणायचे, आणि म्हणणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. चाल म्हणावी तर जेमतेम. आनंद सगळा शब्द तालावर कसे आदळतात त्यात. शाळेच्या पुस्तकात कटाव छापील दिसतो तेव्हा नुसती शब्दांची रास वाटते, कारण तो डोळ्यांसाठी लिहिलेला नाही.

मराठीत रॅप लिहिताना एक अडचण येते, ती मुद्दाम सांगतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे यमक फुकट मिळतं. येतो, जातो, खातो. आला, गेला, मेला. नवशिका इथेच अडकतो आणि चार ओळींत ऐकणारा कंटाळतो. कसलेला लिहिणारा क्रियापद ओळीच्या मधे ढकलतो, शेवटी नाम ठेवतो, किंवा यमक ओळीच्या पोटात लपवतो. शिवाय आपल्याकडे ळ आहे, ण आहे, ट-ठ-ड-ढ आहेत. ही अक्षरं हलगीच्या टिपरीसारखी वाजतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव शंभरचा आकडा आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं असं लिहितो. शंभर म्हणजे सौ, म्हणून वाचायचं सौरभ. नाव लिहितानाच ज्याला असा खेळ सुचतो त्याचा कान कसा असेल ते ओळखा. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन हिंदीत म्हणतो, पण ती हिंदी वस्तीतली आहे, पुस्तकातली नव्हे. फेक तिथूनच येते.

शाहिरीत साथीदारांचं काय होतं? अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या, जुन्यातला जुना. शाहीर त्यात आपलं नाव गुंफतो, रॅपर गाण्यात आपलं नाव घेतो तसंच. १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शाळिग्राम ह्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, मोठंच काम. त्यात शाहिरांची नावं आहेत. मागे जी जी करणारे झीलकरी, तुणतुणेवाला, डफवाला, त्यांची नावं शोधून बघा. होनाजी बाळा हा एक सुंदर अपवाद. होनाजी रचायचा, बाळा गायचा, आणि दोघांचं मिळून एकच नाव झालं. त्यांच्यामागे ढोलकी कुणाची होती, ते नावात नाही.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कलापथक हा शब्दच बघा, त्यात एकटा माणूस नाही. आणि हे रंगमंदिर ज्यांच्या नावाचं इथे पिंपळे गुरवात आहे, ते निळू फुलेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वर आले, सिनेमातून नव्हे. सिनेमा १९६८ मध्ये, ‘एक गाव बारा भानगडी’. लोकांना त्यांचा खलनायकी आवाज आठवतो. तो आवाज घडला बतावणीत, जिथे मागचा ढोलकीवाला प्रत्येक वाक्याला जागा देतो. थांबा कुठे, मारा कुठे, हे त्या ढोलकीकडून शिकायचं असतं.

आजचं थोडक्यात. मुंबईत बॉम्बे बेसमेंटने बेस, ड्रम आणि डीजे घेऊन रॅप केलं, बहुतांशी इंग्रजीत. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित ह्यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर उभा राहिला. गाना, रॅप, रॉक, एकोणीस जण, वस्तीतली वाद्यं आणि गिटार एकाच मंचावर. आमच्या दृष्टीने आपल्या देशातलं ह्या विषयाचं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच. मराठी मुलखात स्वदेशी ह्या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरे जंगलातल्या प्रकाश भोईर ह्यांना सोबत घेतलं, आणि ते गाणं झाडांबद्दल होतं. पण ढोलकी, हलगी, संबळ, बेस असा पूर्ण वृंद घेऊन सतत फिरणारा मराठी रॅपचा फड आम्ही अजून शोधतोच आहोत.

कारण काय? एकटा रॅपर मोबाइलवर ठेका लावून उभा राहतो, त्याला रिक्षाचं भाडं पुरतं. सहा वादक म्हणजे टेम्पो, सहा जणांचं मानधन, आवाजाची व्यवस्था, आणि सराव करायला खोली. ह्या पट्ट्यात तीन वाद्यं वाजवायला खोली शोधून बघा, सोसायटीची नोटीस दुसऱ्या दिवशी दारावर असते. पोरांना आणखी एक भीती आहे. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात रॅपवरून तरुणांवर गुन्हे नोंदले गेले, त्यातलं एक प्रकरण पुणे विद्यापीठाच्या इमारतीत चित्रित केलेल्या गाण्याचं. शब्द कुणाला आवडोत न आवडोत, अशा वेळी एकट्या पोराच्या मागे उभं राहायला झीलकरी नसतो. पथकावर बंदी आली तरी निदान पथक असायचं.

तेव्हा आमची आयोजकांना एक विनंती आहे, आणि ती आम्ही लेखीही दिली आहे. पुढच्या वेळी ह्या मंचावर कुणी रॅप करणार असेल तर पत्रिकेत वाजवणाऱ्यांची नावं त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. आणि लूप वापरला असेल तर तो मुळात कुणाच्या हातचा, तेही लिहा. दोन ओळी वाढतील.

आता दिवे थोडे कमी करा. ‘फंकी ड्रमर’मधला तो तुकडा लावतो. पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी उजव्या हाताकडे लक्ष द्या, झांजेवर तो किती हलकं आणि किती सारखं वाजवतोय. तिसऱ्या वेळी ज्यांना बोलावंसं वाटेल त्यांनी त्याच्यावर बोलायचं, मराठीत, काहीही. चला, लावा.