ओबर्नडॉर्फचे नाताळगीत : आख्यायिका आणि इतिहास

ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, साल्झाख नदीच्या वळणावर, ओबर्नडॉर्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याची वस्ती सहा हजारांच्या आसपास. तेथे ना राजवाडे आहेत, ना मोठे धर्मपीठ. तरीही दर वर्षी २४ डिसेंबरच्या सायंकाळी देशोदेशींचे हजारो भाविक या गावी जमतात. ज्या गीताशिवाय आपल्याही चर्चमध्ये नाताळची मध्यरात्र पुरी होत नाही, ते ‘श्टिले नाख्ट’, म्हणजे शांत रात्रीचे गीत, येथे १८१८ साली प्रथम गाईले गेले.

नाताळच्या दिवसांत आम्ही या गावी गेलो, तेव्हा साल्झाखवर धुके दाटले होते. ज्या संत निकोलस चर्चमध्ये हे गीत जन्मले, ते चर्च आज उभे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या महापुरांनी गावाचा हा भाग इतका जर्जर केला, की वस्ती नदीच्या वरच्या अंगाला हलवावी लागली आणि जुने चर्च पाडण्यात आले. त्या जागी, एका उंचवट्यावर, अष्टकोनी स्मारक-चॅपल आहे. १९३७ साली त्याचे आशीर्वादन झाले. आत जेमतेम वीसेक माणसे मावतात. बाकीचा समुदाय थंडीत बाहेर उभा राहून गातो. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या गीताला हे ठेंगणे मंदिरच शोभते, असे आम्हांस वाटले.

या गीताची एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. नाताळच्या आदल्या दिवशी उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला. संगीताविना मिस्सा कशी व्हायची, या चिंतेत तरुण धर्मगुरू बर्फातून फिरावयास निघाले. चांदण्यात त्यांना शब्द सुचले आणि रातोरात गीत तयार झाले. गोष्ट गोड आहे आणि मुलांना आवडते. परंतु कागदपत्रे निराळे सांगतात, आणि जे सांगतात ते आमच्या मते उंदराच्या गोष्टीहून अधिक ख्रिस्ती आहे.

गीताचे शब्द योसेफ मोर या धर्मगुरूंचे आहेत. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. आई आना शोइबर विणकाम करून पोट भरणारी. पिता सैन्यातून पळून गेलेला शिपाई. दोघांचा विवाह झालेला नव्हता. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहरातील जल्लादाचे, आणि तोही स्वतः आला नाही. त्याने आपल्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला पाठविले. अशा मुलाचे पुढे काय व्हायचे, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. मात्र कॅथेड्रलच्या गायकवृंदातील योहान हिर्नले या धर्मगुरूंना त्याचा आवाज आणि बुद्धी दिसली. त्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. अनौरस संततीला गुरुदीक्षा घेण्यास त्या काळच्या धर्मनियमांची आडकाठी होती. मोर यांना त्यासाठी खास मुभा मिळवावी लागली आणि १८१५ साली ते धर्मगुरू झाले. १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही ही आडकाठी कायम होती. १९८३ च्या नव्या संहितेने ती काढून टाकली. नियम बदलण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी एका धर्मगुरूने एका मुलाचा हात धरला, हे विसरता येत नाही.

आता काळ पाहू. नेपोलियनच्या युद्धांनी साल्झबुर्गची भूमी होरपळून निघाली होती. १८०३ मध्ये आर्चबिशपांची तेथील राजसत्ता संपुष्टात आली आणि पुढील तेरा वर्षांत या प्रदेशाने अनेक धनी पाहिले. १८१६ च्या म्युनिक करारान्वये तो ऑस्ट्रियाकडे गेला आणि साल्झाख नदी सरहद्द ठरली. पलीकडच्या तीरावरील लाउफेन हे मूळ नगर; ओबर्नडॉर्फ हा त्याचाच नावाड्यांचा पाडा. हालाइनचे मीठ होड्यांतून वाहून नेणारी ही माणसे एका सहीनिशी दोन राज्यांत विभागली गेली. त्याच १८१६ साली, आदल्या वर्षीच्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे, युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिके बुडाली आणि धान्य महागले.

मोर त्या वर्षी लुंगाऊ भागातील मारियाफार या गावी सहायक धर्मगुरू होते. कविता तेथे, १८१६ मध्येच लिहिली गेली. हे निश्चित कळले ते १९९५ साली, जेव्हा मोर यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली. म्हणजे शब्द रातोरात सुचलेले नव्हते. ते दोन वर्षे एका गरीब धर्मगुरूच्या कागदांत पडून होते. मूळ कवितेला सहा कडवी आहेत. आज बहुतेक ठिकाणी तीनच गातात. गाळलेल्या चौथ्या कडव्याचा आशय असा, की येशू भाऊ होऊन जगातील सर्व राष्ट्रांना कवेत घेतो. युद्ध आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसाने लिहिलेले नेमके तेच कडवे आपण गात नाही, याचा विचार व्हावयास हवा.

१८१७ मध्ये मोर ओबर्नडॉर्फला आले. तेथे त्यांची मैत्री जडली फ्रान्स क्साव्हर ग्रुबर यांच्याशी. ग्रुबर हे विणकराचे पुत्र, जवळच्या आर्न्सडॉर्फ गावचे शाळामास्तर आणि ओबर्नडॉर्फ चर्चचे ऑर्गनवादक. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोर यांनी त्यांच्या हाती कविता दिली आणि दोन आवाज, वृंद व गिटार यांसाठी चाल मागितली. ग्रुबरनी त्याच संध्याकाळी ती दिली. मोर वरच्या पट्टीत गायिले व गिटार वाजविली, ग्रुबर खर्जात गायिले. पुढे ऑर्गन बांधणाऱ्या कार्ल माउराखर यांच्यामार्फत गीत झिलरताल खोऱ्यात पोहोचले आणि तेथील गायक कुटुंबांनी ते जर्मनीत व अमेरिकेत नेले. लोकांनी गीत घेतले. कर्त्यांची नावे वाटेत गळून पडली.

अखेर १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी संगीतवृंदाने साल्झबुर्गकडे चौकशी केली, की ही रचना प्रसिद्ध संगीतकार मिखाएल हायडन यांची काय? तेव्हा वृद्ध ग्रुबरनी ३० डिसेंबर १८५४ रोजी गीताची खरी हकिकत लिहून काढली. त्या लेखात ना उंदीर आहे, ना बिघडलेला ऑर्गन. कवीचे नाव आहे, दिवस आहे, गाव आहे. ते पत्र नसते, तर एक श्रेष्ठ नाव या गीताला चिकटून बसले असते आणि विणकराच्या पुत्राला कोणी ओळखले नसते.

मोर हे पत्र पाहावयास हयात नव्हते. ओबर्नडॉर्फमध्ये त्यांच्या वरिष्ठांनी ते अनुचित गाणी गातात अशी तक्रार केली होती. पुढे एकामागून एक धर्मग्रामांत बदल्या होत ते १८३७ मध्ये वाग्राइनला आले. तेथे त्यांनी शाळा उभारली आणि गरीब मुलांना शिकता यावे अशी तजवीज केली. ४ डिसेंबर १८४८ रोजी ते कफल्लक अवस्थेत निवर्तले. त्यांचे एकही चित्र काढलेले नव्हते. साल्झबुर्गच्या अधिकृत धर्मगीतसंग्रहात हे गीत आले १८६६ साली. तोवर ग्रुबरही गेले होते. आज ३०० हून अधिक भाषा-बोलींत ते गाईले जाते.

ओबर्नडॉर्फच्या चॅपलमध्ये मोर आणि ग्रुबर दोघे रंगीत काचांवर आहेत. त्यांना तेथे आणून बसविले ते आख्यायिकेने नव्हे, तर स्नानसंस्काराच्या नोंदवहीने, एका हस्तलिखिताने आणि एका वृद्ध मास्तरच्या पत्राने. आपल्या धर्मग्रामांतही नाताळची गाणी, लग्नाच्या ओव्या, गोठ्यापुढची भजने पिढ्यान्‌पिढ्या गाईली जातात. ती कोणी रचली, हे सांगणारी वृद्ध मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्या तोंडून नावे टिपून ठेवण्यास फार खर्च येत नाही. एक वही पुरते. येत्या नाताळच्या तयारीत गोठ्याच्या रोषणाईबरोबर एवढे काम प्रत्येक युवक-मंडळाने हाती घ्यावे, आणि जमल्यास त्या गीताचे चौथे कडवेही एकदा मराठीत बसवून गावे, अशी आमची विनंती आहे.