तळ्याचा गाळ कोण काढणार? वाशिमचं पाणी आणि नगरपालिकेची तिजोरी

मागच्या व्याख्यानात आपण वत्सगुल्मापर्यंत, म्हणजे वाकाटकांच्या राजधानीपर्यंत आलो होतो. आज तिथून एकदम अठराव्या शतकात उतरू. वाशिमचं बालाजी मंदिर आणि त्याचं तळं, देव तलाव, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी 1779 च्या सुमारास हे मंदिर उभं केलं. मुलूख तेव्हा दोअमली होता, निजामाचा आणि भोसल्यांचाही. अशा देवस्थानांना इनाम जमिनी किंवा गावांचं उत्पन्न तोडून दिलेलं असे. बांधणाऱ्याचा पैसा एकदाच खर्ची पडायचा, पण दिवाबत्ती, डागडुजी, गाळ हे सगळं त्या उत्पन्नावर चालायचं. (ते नेहमी नीट चालायचं असं आम्ही म्हणत नाही, बरं का.)

पुढे नगरपालिका आली आणि जकात हा अशा गावांच्या हातातला रोख पैसा झाला. 1901 साली वाशिमची लोकसंख्या 13,823 होती, 2011 मध्ये 78,387. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, वाशिम जिल्ह्याचं ठिकाण बनलं. आणि गंमत बघा, लगेच 1999 मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली! बदल्यात शासनाचं अनुदान आलं. गाव वाढायला लागलं तेव्हाच स्वतःची कमाई आटली.

आज शहराची भिस्त एकबुर्जी प्रकल्पावर. पाऊस दगा देतो त्या वर्षी तळी, विहिरी, पुनर्भरण सगळ्यांना आठवतं. नवीन योजनेला अनुदान मिळतंही, पण पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं.

मोठी शहरं यासाठी रोखे काढतात. पुण्यानं 2017 मध्ये पाण्यासाठी 200 कोटींचे काढले. इंदूरनं 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे विकले, नर्मदेचं पाणी उपसण्याच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला. वाशिमला एकट्यानं हे झेपणार नाही, असं आमचं स्पष्ट मत. तामिळनाडूत मात्र 2002 च्या सुमारास 13 लहान नागरी संस्थांनी एकत्र येऊन जवळपास 30 कोटी उभे केले होते. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांनी तसं करायचं म्हटलं, तर सावकार पहिला प्रश्न तोच विचारेल: हप्ता कोणत्या उत्पन्नातून देणार? घरपट्टी आणि पाणीपट्टी, एवढंच त्यांच्या हातात उरलंय. तिची वसुली हा पुढच्या वेळचा विषय.