रविवारचा पाठ घेणारे आजोबा : जिमी कार्टर यांची निष्ठा आणि तिची कसोटी

१/१२
अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचे जेमतेम सहा-सातशे वस्तीचे गाव आहे. तेथील मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चबाहेर काही वर्षांपूर्वीपर्यंत रविवारी उजाडण्याआधीच रांग लागत असे. संडे स्कूलचा पाठ घेणारे शिक्षक नव्वदी ओलांडलेले होते. भुईमुगाचे शेतकरी, माजी नौदल अधिकारी, नातवंडा-पतवंडांचे आजोबा. आणि अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष. जिमी कार्टर.

२/१२
२९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले. श्रद्धावान, कुटुंबवत्सल, देशसेवक अशी विशेषणे त्यानंतर सर्वत्र वाचायला मिळाली. ती खोटी नाहीत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे विशेषणांवर भागत नाही. श्रद्धेची किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हा या माणसाने काय केले, हे पाहावे लागते.

३/१२
आधी सैनिक. १९४६ साली ते नौदल अकादमीतून पदवीधर झाले आणि पुढे पाणबुडीदलात गेले. अणुपाणबुड्यांचे जनक हायमन रिकोव्हर यांनी मुलाखतीत त्यांना विचारले, अकादमीत तुम्ही नेहमीच सर्वस्व पणाला लावले होते का? कार्टर यांनी प्रामाणिकपणे नकार दिला. ‘का नाही?’ या प्रतिप्रश्नाला मात्र त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. तो प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

४/१२
डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत अपघात झाला. ती उतरवण्यासाठी पाठवलेल्या पथकात कार्टर होते. किरणोत्सर्ग एवढा तीव्र होता की प्रत्येकाला आत सुमारे दीड मिनिटच थांबता येई. म्हणून भट्टीची प्रतिकृती उभारून कोणता बोल्ट कोणी काढायचा याची तालीम करण्यात आली. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि नौदल सोडून ते शेतीकडे परतले.

५/१२
खरी कसोटी गावात होती. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद हीच रीत होती. १९६५ साली प्लेन्सच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना उपासनेस येऊ द्यायचे नाही, असा ठराव आला. त्याच चर्चचे डीकन असलेले कार्टर सभेत उभे राहिले आणि ठरावाविरुद्ध बोलले. मतदानात विरोधात हात वर झाले ते कार्टर कुटुंबाचे आणि आणखी एका सदस्याचे. ठराव मंजूर झाला. अनेकांनी मतच दिले नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

६/१२
हे बळ आले कुठून? आई लिलियन यांच्याकडे पाहावे लागते. त्या परिचारिका होत्या आणि वर्णभेदाची रीत झुगारून कृष्णवर्णीय कुटुंबांची शुश्रूषा करत. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळीला आल्या. दोन वर्षे त्यांनी कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्याचे काम केले. तेथून घरी लिहिलेली त्यांची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

७/१२
आता डाग. १९७० साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत याच कार्टर यांनी वर्णभेदाच्या समर्थकांची मते मिळवण्यासाठी त्यांना रुचेल असा प्रचार केला. चर्चमध्ये एकाकी उभा राहिलेला माणूस मतपेटीपुढे वाकला. जानेवारी १९७१ मध्ये शपथ घेताच मात्र, वर्णभेदाचा काळ संपला, असे त्यांनी जाहीर केले. पुढे राज्याच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांची तसबीर त्यांनीच लावली. तरीही प्रचारातली ती तडजोड पुसली जात नाही. मृत्युलेखांनी ती वगळली तरी आपण वगळू नये.

८/१२
१९७६ साली अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर एका कृष्णवर्णीय पाळकांनी त्याच चर्चचे सदस्यत्व मागितले. त्या रविवारची उपासनाच रद्द करण्यात आली. आता साऱ्या देशाचे लक्ष तिथे लागले होते. पुढच्याच महिन्यात मंडळीने बंदी उठवली. पण मने दुभंगली ती दुभंगलीच. वेगळ्या झालेल्यांनी १९७७ मध्ये मॅरानाथा चर्च स्थापन केले. वॉशिंग्टनहून परतल्यावर कार्टर त्यांत सामील झाले.

९/१२
राष्ट्राध्यक्षपदाच्या खात्यावर १९७८चा कॅम्प डेव्हिड करार जमा आहे, तसे एप्रिल १९८०चे अपयशही आहे. इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी पाठवलेली मोहीम फसली आणि आठ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. माजी सैनिकाने दिलेल्या आदेशावरून गेलेले ते आठ जीव. त्याची जबाबदारी त्यांनी दूरचित्रवाणीवर स्वतःकडे घेतली. ४४४ दिवसांनी ओलिस सुटले, तोवर कार्टर यांचे पद गेलेले होते.

१०/१२
पराभवानंतरची चार दशके मोठी आहेत. त्यांच्या कार्टर सेंटरने नारूनिर्मूलनाचे काम १९८६ मध्ये हाती घेतले, तेव्हा जगात दरवर्षी सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. त्यांच्या निधनाच्या वर्षी हा आकडा विसाच्या आत आला होता. ज्यांच्या आजी-आजोबांनी नारूच्या विहिरी पाहिल्या असतील, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. २००६ साली लोणावळ्याजवळ गरिबांसाठी शंभर घरे बांधण्याच्या उपक्रमात ८२ वर्षांचे कार्टर स्वतः राबले.

११/१२
२००० साली सदर्न बॅप्टिस्ट महासभेने स्त्रियांना पाळकपद नाकारले. कार्टर यांनी महासभेशी असलेले आयुष्यभराचे नाते तोडले. गावातले चर्च आणि रविवारचा पाठ सोडला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचा २८ वर्षांचा नातू अकस्मात वारला. त्या रविवारीही आजोबा चर्चमध्ये आले आणि जमलेल्यांना ती वार्ता त्यांनी स्वतःच सांगितली.

१२/१२
जानेवारी २०२५ मध्ये अंत्यविधीत नातू जेसन कार्टर यांनी आजी-आजोबांच्या साध्या घराची आठवण सांगितली. त्या घरात प्लॅस्टिकच्या पिशव्याही धुऊन, वाळवून पुन्हा वापरल्या जात. त्याच घराच्या आवारात, पत्नी रोझलिन यांच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपल्या संस्थेवर माया असणे सोपे आहे, आणि तिच्यावर रागावून निघून जाणेही. तिथेच राहून, शेजाऱ्यांच्या देखत विरोधात हात वर करणे अवघड. कार्टर यांना ते प्रत्येक वेळी जमले नाही. पण १९६५च्या त्या सभेत जमले, आणि ते पाहायला कोणताही कॅमेरा नव्हता. आजोबांची आठवण काढायची तर त्या हाताची काढावी.