वाघिणींची देवघेव

छोट्या रेल्वेच्या छंदात मालवाघिणींची देवघेव ही जुनी रीत आहे. घरात टेबलावर किंवा माळ्यावर रूळ मांडणारा छांदिष्ट आपल्या कल्पनेतल्या रेल्वे कंपनीला नाव देतो, त्या नावाच्या वाघिणी रंगवतो आणि त्यांतल्या काही टपालाने परगावच्या छांदिष्टांना पाठवतो. त्यांच्या वाघिणी तशाच त्याच्या रुळांवर येतात. वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या डब्याला हा प्रवास घडवायचा तर रुळांची रुंदी, चाकांचा आकार, जोडणीची उंची, वजन आणि हिशेब एवढ्या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरवण्याची पद्धत छंदाने खऱ्या रेल्वेकडून उचलली. म्हणून या रितीचा इतिहास खऱ्या मालगाडीपासून सुरू होतो.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक खासगी कंपन्यांचे लोहमार्ग एकमेकांना येऊन भिडले. एका कंपनीच्या हद्दीत भरलेली वाघीण दुसरीच्या हद्दीत रिकामी होऊ लागली. भाडे कोणी किती घ्यायचे, वाघीण केव्हा परत करायची, मोडली तर खर्च कोणाचा, असे वाद रोजचे झाले. ते मिटवण्यासाठी १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाउस स्थापन झाले. सांध्याच्या स्थानकांवर त्याचे ‘नंबर टेकर’ उभे असत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक, तिची मालक कंपनी, वर घातलेली ताडपत्रीसुद्धा ते वहीत टिपत. या टिपणांवरून लंडनच्या कचेरीत सगळ्या कंपन्यांची खतावणी होई. अमेरिकेत देवघेवीच्या नियमांचे काम १८६७ मध्ये सुरू झालेल्या मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनने हाती घेतले. परक्या मार्गावर धावणाऱ्या डब्याची चाके, ब्रेक आणि जोडणी कशी असावी, याचे नियम तिने घातले.

भारतात १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हा देवघेवीचा प्रश्न नव्हता. रेल्वे एकच होती. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाले. मुंबईच्या वाघिणी कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या वाटेला लागल्या. त्यांचे नियम ठरवण्यासाठी १९०३ पासून इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन काम करू लागली. हद्दीवर वाघीण तपासून घ्यायची, दोष असेल तर तिथेच नोंदवायचा, ठेवून घेतलेल्या दिवसांचे भाडे मालक रेल्वेला द्यायचे, ही त्या नियमांची चौकट होती. अशा देवघेवीत वाघिणीची मालकी कधी बदलत नाही. ती दुसऱ्याच्या दारात काम करते आणि फिरून घरी येते.

म्हणूनच वाघिणीच्या अंगावर तिची ओळख लिहिलेली असते. मालक रेल्वेची आद्याक्षरे, वाघिणीचा प्रकार, क्रमांक, रिकामे वजन, वहनक्षमता आणि मोठी दुरुस्ती केव्हा झाली त्याची तारीख तिच्या कडेवर रंगवतात. भारतीय रेल्वेच्या आताच्या पद्धतीत हा क्रमांक अकरा आकडी आहे. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, नंतरचे चार त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा एक पडताळणीचा. यार्डात टिपताना एखादा आकडा चुकला, तर तो शेवटचा आकडा चूक पकडून देतो.

रूळ वेगळ्या रुंदीचे असले की ही सगळी व्यवस्था जागच्या जागी थांबते. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण मिरज हे आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती आणि तीही पुढे वाढत मिरजेपर्यंत आली. १९७१ मध्ये पुणे–मिरज मार्ग १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रॉडगेज झाला. त्यानंतर अनेक वर्षे मिरजेला तीन रुंदींचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नव्हती. गूळ, हळद, तंबाखू जे काही आले असेल ते हमालांनी पाठीवरून उतरवायचे आणि पलीकडच्या वाघिणीत भरायचे. माप जुळत नसेल तर देवघेव होत नाही, फक्त हमाली होते. छोट्या रेल्वेच्या छंदालाही या अनुभवातून जावे लागले.

खेळण्यातल्या रेल्वेला ठरावीक मापे दिली ती जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने. १८९१ मध्ये लायपझिगच्या जत्रेत तिने रूळ, गाड्या आणि जादा डबे ठरलेल्या रुंदीत मांडले. आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेला डबा जोडता येईल, ही सोय त्या काळी नवी होती. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सचित्र सूचिपत्र छापून टपालाने गाड्या विकायला सुरुवात केली. हा छंद टपालपेटीतून घरात शिरला तो असा. १९१० मध्ये लंडनला मॉडेल रेल्वे क्लब निघाला. १९३४ च्या जानेवारीत अमेरिकेत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचा पहिला अंक आला आणि १९३५ मध्ये मिलवॉकी इथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली.

या संस्थेपुढचे पहिले काम मापांचेच होते. त्या काळी प्रत्येक कारखानदाराची चाके वेगळी आणि जोडण्याही वेगळ्या. एकाचा डबा दुसऱ्याच्या सांध्यावर चढला की घसरत असे. संस्थेने रुळांची रुंदी, चाकाच्या कडेची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि सांध्यातल्या फटीची रुंदी ठरवून दिली. ती तपासण्यासाठी खाचा पाडलेली तळहाताएवढी पत्र्याची पट्टी मिळते. पट्टी रुळात बसली, चाकात बसली, की माप बरोबर.

वजनाचा नियमही तितकाच नेमका आहे. जगात सर्वाधिक चालणाऱ्या एचओ मापात, म्हणजे मूळ वस्तूच्या १/८७ आकारात, डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे, अशी या संस्थेची शिफारस आहे. सहा इंची वाघीण त्यामुळे चार औंसांची, सुमारे ११३ ग्रॅमची होते. हलकी वाघीण लांब गाडीच्या मध्यभागी लावली तर वळणावर पुढून आणि मागून ताण येऊन ती आतल्या बाजूला ओढली जाते आणि रूळ सोडते. पाहुणी वाघीण यजमानाच्या गाडीत कुठेही जोडता यावी म्हणून तिच्या तळाशी शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवून वजन पुरे करतात.

मापे जुळल्यावर देवघेव वाढली. तिची सुरुवातीची वस्तू कागदाची होती. खऱ्या रेल्वे कंपन्यांचे अधिकारी एकमेकांना वार्षिक पास देत. त्या धर्तीवर छांदिष्टांनी आपापल्या कल्पित रेल्वेचे पास छापले आणि टपालाने एकमेकांना पाठवले. साध्या पाकिटातून हे पास जात आणि घरच्या भिंतीवर त्यांच्या रांगा लागत. पासांमागून वाघिणी आल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲलन मॅक्लेलँड यांची व्हर्जिनियन अँड ओहायो, टोनी कोस्टर यांची ॲलेगेनी मिडलँड आणि स्टीव्ह किंग यांची व्हर्जिनिया मिडलँड या तीन कल्पित रेल्वेंनी एकमेकींना शेजारी मानले आणि ‘ॲपलॅचियन लाइन्स’ या एका नावाखाली आपली कुळकथा जुळवली. तीन वेगळ्या घरांतल्या या मांडण्यांवर एकमेकींच्या नावाचे डबे धावत. दूरच्या मित्राची वाघीण आपल्या यार्डात उभी असली की आपला मार्ग भिंतीपाशी न संपता पुढे कुठेतरी जातो असे वाटते. या रितीतला खरा आनंद हाच.

टपालाने होणारी देवघेव दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात वाघीण कायमची दिली जाते. दुसऱ्यात ती जांगड मालासारखी जाते, काही महिने परक्या रुळांवर धावते आणि परत येते. पहिला प्रकार अधिक चालतो, कारण त्यात टपालखर्च एकदाच पडतो.

गट मोठा असेल तर एक संयोजक लागतो. तो आधी नावे घेतो आणि मुदत ठरवतो. बाराजण असतील तर प्रत्येकाने एकसारख्या बारा वाघिणी करायच्या, स्वतःच्या रेल्वेची आद्याक्षरे लिहायची आणि प्रत्येकीला वेगळा क्रमांक द्यायचा. परतीच्या टपालाचा खर्च सोबत भरून सगळ्या वाघिणी संयोजकाकडे पाठवायच्या. संयोजक प्रत्येक वाघिणीची चाके पट्टीवर तपासतो, जोडणीची उंची पाहतो, वजन करतो, वहीत नोंद करतो आणि प्रत्येकाला बाराजणांची एकेक वाघीण असा संच परत पाठवतो. नंबर टेकर, तपासनीस आणि क्लिअरिंग हाउस ही तिन्ही कामे इथे एकाच माणसाच्या टेबलावर होतात. मुदत पाळणारे सदस्य आणि चोख वही ठेवणारा संयोजक मिळाला, तर असा गट वर्षानुवर्षे टिकतो.

बांधणीत मात्र घाई चालत नाही. वाघीण पातळ मऊ कागदात गुंडाळतात. चिकटपट्टी थेट रंगावर लावली तर अक्षरे उखडून येतात. शिड्या आणि ब्रेकचे चाक यांसारखे नाजूक भाग दाबले जाऊ नयेत म्हणून भोवती पोकळी ठेवतात. आतला खोका हलवून पाहिला तर काही वाजता कामा नये. तो बाहेरच्या मोठ्या खोक्यात सर्व बाजूंनी भरण घालून बसवतात. भारतात पूर्वी अशा पार्सलाला मांजरपाटाचे कापड शिवून शिवणीवर लाखेचे शिक्के मारत आणि पत्ता कापडावरच शाईने लिहीत. परदेशी जाणाऱ्या पाकिटावर आतल्या वस्तूचे वर्णन आणि किंमत लिहिलेला सीमाशुल्काचा कागद लागतो.

भारतीय छांदिष्टाची अडचण टपालापेक्षा मापाची अधिक आहे. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. १६.५ ला ८७ ने गुणले तर सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतले प्रमाण गेज तेच आहे. भारताचे ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे असल्याने त्याच आकारात रूळ सुमारे १९.३ मिलिमीटरचे हवेत. तयार रूळ वापरले तर भारतीय वाघीण रुळांच्या मानाने फार रुंद दिसते. रूळ खरे ठेवले तर सगळे हाताने घडवावे लागते आणि ती वाघीण दुसऱ्या कोणाच्या मार्गावर चालत नाही. नॅरोगेजचे तसे नाही. बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर एचओमध्ये पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. महाराष्ट्रातली छोटी वाघीण परदेशी मित्राला पाठवायची झाली, तर बार्शी लाइट हा सर्वांत सोपा नमुना आहे.

पुण्यात या छंदाला कायमचे घर मिळाले ते भाऊ जोशी यांच्यामुळे. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याजवळ त्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एका छोट्या शहराभोवती निरनिराळ्या गाड्या, सिग्नल आणि पूल तिथे चालत्या स्थितीत पाहायला मिळतात. मुळशीकडे जाणारा पौड रस्ता याच भागातून निघतो.

मुळशी खोऱ्याने रूळ पाहिले ते दुःखाच्या काळात. टाटांच्या धरणासाठी आणि त्यावरच्या वीजप्रकल्पासाठी खोऱ्यातली पन्नासच्या वर गावे बाधित होणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. बांधकामासाठी कंपनीने खोऱ्यात गाडी आणली होती. डिसेंबर १९२४ मध्ये सेनापती बापट आणि त्यांच्या साथीदारांनी रुळांवर दगड रचून ती अडवली. त्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले आणि ती गाडी गेली. त्यानंतर बाहेरगावची वस्तू खोऱ्यात पोचवण्याचे काम रस्त्याने आणि टपालाने केले.

त्या टपालालाही वाघिणीसारखा क्रमांक आहे. कोकणात जन्मलेले संस्कृत पंडित आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचा पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. पौडचा पिनकोड ४१२ ने सुरू होतो. वाघिणीवरचा क्रमांक तिचे घर सांगतो, पार्सलावरचा तिचा मुक्काम. या दोन क्रमांकांवर टपालाची सारी देवघेव चालते.

मुळशी तालुक्यात आता पुन्हा रूळ आले आहेत. माण आणि हिंजवडीहून शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचे हे रूळ प्रमाण गेजचे, १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. ८७ ने भागले की ते जवळजवळ १६.५ मिलिमीटर होतात.